मुलगा यायला तयार नसेल, तर संस्थेत आधी कोणी जावे?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १९ वर्षांचा. गेल्या वर्षभरात त्याचे शिक्षण सुटले, गांजा रोजचा झाला आणि अलीकडे दारूही सुरू झाली. दिवसभर झोप, रात्रभर जागरण आणि घरात कोणाशी धड बोलणे नाही. डॉक्टरांचा विषय काढला की तो दार लावून घेतो. वडिलांचे म्हणणे असे की, त्याची इच्छा असो वा नसो, त्याला सहा महिने निवासी केंद्रात ठेवावे. आईने एका स्वयंसेवी संस्थेला फोन केला, तेव्हा 'आधी मुलाला घेऊन या' असे उत्तर मिळाले. धाकटी बहीण १४ वर्षांची आहे आणि हल्ली ती फार गप्प असते. आईचे प्रश्न दोन आहेत: मुलाला उपचारासाठी तयार कसे करायचे, आणि ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेवर कितपत विसंबायचे?

तरुण मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या समुपदेशनाचे काम मी अनेक वर्षे करते आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत मला वारंवार विचारला गेला आहे. त्यात दर वेळी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. उपचार मुलाच्या होकारापासून सुरू होतो, आणि तो होकार मिळेपर्यंत बाकीच्यांनी एक तर वाट पाहायची किंवा त्याला ओढून न्यायचे. माझ्या मते तुमच्या घरातली कोंडी या गृहीतकामुळेच झाली आहे. घरातल्या ज्या माणसाची तयारी आहे त्याच्यापासून उपचार सुरू होऊ शकतो, आणि तुमच्या घरात आज ती तयारी तुमची आहे. संस्था कशी निवडावी, हेही बऱ्याच अंशी याच कसोटीवर ठरते.

पुढचे सगळे सांगण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, कारण त्यांपैकी एक जरी तुमच्या घरात लागू होत असली, तरी क्रम बदलतो. पहिली गोष्ट म्हणजे तो मरणाचे बोलतो का, स्वतःला इजा करतो का, आपल्या आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकतो का. अशी शंका असेल तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारले, तर आपले ओझे कोणाला तरी दिसले याचा मुलाला आधारच वाटतो. त्याचबरोबर घरातली जादा औषधे आणि विषारी द्रव्ये त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी व्यवस्था त्याच दिवशी करा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. दुसरी गोष्ट, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री होणे किंवा बोलण्यातला धागाच तुटणे अशी लक्षणे असतील, तर समुपदेशकाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. गांजा आणि मनोविकृती यांचा संबंध पुरेसा स्पष्ट झालेला आहे, आणि अशा आजारात उपचार सुरू व्हायला जितका उशीर होतो तितके बरे होणे अवघड होत जाते.

तिसरी गोष्ट दारूची. ती रोज आणि भरपूर प्रमाणात होत असेल, तर 'आजपासून एक थेंबही नाही' अशी सक्ती घरच्या घरी करू नका. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर आणि ताप असलेली, जिवावर बेतू शकणारी अवस्था येऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. गांजाचे तसे नाही. तो सोडल्यावर झोप उडते, चिडचिड वाढते, भूक मंदावते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण दोन आठवड्यांत बराचसा ओसरतो. तो सहसा जीवघेणा नसतो, पण नेमक्या याच दिवसांत घरच्यांना मुलगा आणखी बिघडल्यासारखा वाटतो आणि चांगली चाललेली गोष्ट मोडते. चौथी गोष्ट, घरात मारहाण होत असेल, तर आधी सगळ्यांची सुरक्षितता पाहावी लागते आणि खाली सांगितलेली पद्धत तशीच्या तशी वापरता येत नाही. शिवाय १९ वर्षांच्या मुलाच्या संमतीचे आणि गोपनीयतेचे नियम देशागणिक वेगळे असतात. ते संस्थेकडून स्पष्ट करून घ्या.

यांपैकी काहीही तातडीचे नाही असे धरून आता मूळ प्रश्नाकडे येते. व्यसन असलेला माणूस उपचाराला नकार देत असताना त्याच्या घरच्यांनी काय करावे, याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबीयांच्या प्रशिक्षणाची एक पद्धत घडवली. तिला 'क्राफ्ट' असे म्हणतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या १३० नातलगांना तीन गटांत विभागले होते. एका गटाला क्राफ्ट शिकवले. दुसऱ्याला, सगळ्या कुटुंबाने एकत्र येऊन त्या माणसासमोर उभे राहायचे आणि त्याला उपचारासाठी भाग पाडायचे, या पद्धतीची तयारी करून दिली. तिसऱ्याला अल-अनॉन या नातलगांच्या स्वमदत गटाकडे वळवले. क्राफ्टच्या गटात ६४ टक्के, समोरासमोर उभे राहण्याच्या गटात ३० टक्के आणि तिसऱ्या गटात १३ टक्के मद्यपी उपचारापर्यंत पोहोचले. दुसऱ्या गटातल्या बहुतेक कुटुंबांनी तो सामना प्रत्यक्षात केलाच नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. अल-अनॉनच्या बाबतीत न्यायाने एवढे सांगायला हवे की, कोणाला उपचारापर्यंत आणणे हा त्या गटांचा हेतूच नसतो. नातलगांना स्वतःचे मन सावरता यावे यासाठी ते असतात, आणि त्या बाबतीत तिन्ही गटांतल्या नातलगांमध्ये सारखीच सुधारणा दिसली. याच अभ्यासात जोडीदारांपेक्षा आईवडिलांना आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणण्यात अधिक यश आले होते. तुमच्या दृष्टीने हे मोलाचे आहे.

ही पद्धत करायची म्हणजे काय, हे मी माझ्या कामातून सांगते. सुरुवातीचे काही दिवस मी पालकांना मुलाशी व्यसनाबद्दल बोलायला सांगतच नाही, फक्त पाहायला सांगते. तो कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कशानंतर गांजा ओढतो. त्याआधी त्याचा चेहरा कसा असतो, नंतर त्याला काय मिळालेले दिसते. आणि कोणत्या वेळा अशा असतात की तो शुद्धीत असतो आणि जरा मोकळा असतो. बहुतेक पालक सांगतात की अशी वेळ नसतेच, आणि आठवडाभर टिपण ठेवल्यावर त्यांना ती सापडते. कधी ती संध्याकाळी उठल्यानंतरची अर्ध्या तासाची असते, कधी बहिणीबरोबर काहीतरी पाहत बसलेला असतानाची असते. पुढचे सगळे काम या छोट्या जागेत करायचे असते.

त्या वेळेला त्याच्याजवळ बसायचे, त्याला आवडेल ते बोलायचे, उपदेशाचा एकही शब्द काढायचा नाही. तो नशेत असेल, तेव्हा भांडणही करायचे नाही आणि लाडही करायचे नाहीत. शांतपणे बाजूला व्हायचे. ऐकायला हे फार साधे वाटते, पण दमलेल्या घरात नेमके याच्या उलट घडत असते. मुलगा नशेत असतो तेव्हा सगळे घर त्याच्याभोवती गोळा होते, आणि तो शुद्धीत असतो तेव्हा सगळे थकून आपापल्या खोलीत असतात. म्हणजे आपले लक्ष त्याला नशेच्या वेळी मिळते आणि चांगल्या वेळी मिळत नाही. हा क्रम उलटा करणे, हे पालकांच्या हातातले पहिले आणि बहुधा सर्वांत परिणामकारक काम आहे.

दुसरे काम अधिक कठीण आहे, आणि इथे बहुतेक आया माझ्याशी वाद घालतात. नशेचे जे परिणाम त्याच्या वाट्याला स्वाभाविकपणे यायला हवेत, ते आपण त्याच्या आणि जगाच्या मध्ये उभे राहून अडवत असतो. त्याच्या वतीने खोटी कारणे देणे, त्याची उधारी फेडणे, रात्री खोलीत झालेला पसारा तो उठण्याआधी आवरून टाकणे, हे सगळे आपण प्रेमाने करतो. हळूहळू, रागावून न सांगता, यातून हात काढून घ्यायचा असतो. मात्र ज्या परिणामाने त्याच्या जिवाला, आरोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला धोका होईल, तिथे हा नियम लावायचा नाही. त्याला रात्री घराबाहेर काढणे हा स्वाभाविक परिणाम नाही. ती आपण दिलेली शिक्षा आहे, आणि १९ वर्षांच्या खचलेल्या मुलाच्या बाबतीत ती धोक्याची आहे.

मग बोलण्याची वेळ येते. ती बहुधा त्याच्याच एखाद्या वाक्याने येते: 'मला झोप लागत नाही', 'माझं काहीच नीट होत नाही', किंवा एखादा मित्र पुढे निघून गेल्याची खंत. अशा वेळी 'म्हणूनच म्हणते, गांजा सोड' हे उत्तर ओठांवर येते आणि दार पुन्हा बंद होते. त्याऐवजी झोपेबद्दलच बोला. 'झोपेचं पाहणारं कोणी माहीत करून घेतलं तर एकदा भेटशील का? नाही पटलं तर पुन्हा जायचं नाही' एवढेच विचारा. व्यसनाच्या नावाने न येणारी कितीतरी मुले झोपेच्या, घाबरल्यासारखे होण्याच्या किंवा अभ्यास सुटल्याच्या तक्रारीने आमच्याकडे आली आहेत. हो म्हणण्याची ही खिडकी फार लहान असते, त्यामुळे तो हो म्हणेल त्याच्या आधीच सगळी तयारी झालेली असावी: कोणाला भेटायचे, ते एक-दोन दिवसांत वेळ देतील का, बरोबर कोण जाईल. होकार मिळाल्यावर शोधाशोध सुरू केली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, तर बहुतेक वेळा तो होकार विरलेला असतो.

आता वडिलांच्या म्हणण्याबद्दल. त्यांच्या मागणीत मला रागापेक्षा भीती अधिक दिसते, आणि ती भीती रास्त आहे. तिला घरात कोणी तरी मान द्यायला हवा. निवासी उपचाराची जागाही आहे. घरी धोका असेल, दारू सोडताना वैद्यकीय देखरेख लागणार असेल, बाहेरून घेतलेले उपचार प्रामाणिकपणे करूनही जमले नसतील, तर निवासी उपचार उपयोगी पडतो. पण 'ठेवून द्यावे' या शब्दांत जी अपेक्षा आहे, ती मला काळजीची वाटते. कठोर वागवले, अपमान केला, मोडून काढले की मुलगा सुधारतो, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत १९५८ मध्ये सुरू झालेल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्तीच्या संस्थेने गटात एकेकाला लक्ष्य करून तोडून बोलण्याची पद्धत रूढ केली, आणि तिची छाप पुढे तरुणांसाठीच्या अनेक केंद्रांवर पडली. विल्यम व्हाइट आणि विल्यम मिलर यांनी २००७ मध्ये अशा कठोर सामन्याच्या पद्धतींवरच्या चार दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्या उपयोगी असल्याचा आधार त्यांना सापडला नाही. सक्तीने दाखल केलेला मुलगा काही काळ नशेपासून दूर राहतो, हे खरे आहे. पण परत तो त्याच खोलीत, त्याच मित्रांत आणि त्याच तणावात येतो, आणि आता तुमच्यावरचा त्याचा विश्वासही कमी झालेला असतो. म्हणून दाखल करायचेच झाले, तर घर बदलण्याचे काम त्याच काळात समांतर चालू असले पाहिजे.

घर बदलण्याचे म्हणते, याचा अर्थ दोष घराचा असा घेऊ नका. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबाबत दाखवून दिले की, ज्या घरांत सतत टीका, वैर किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, तिथे परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. पुढे नैराश्याच्या रुग्णांबाबतही असाच संबंध दिसला. अनेक पालकांनी हे ऐकून माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणले आहे. पण अशी टीका बहुधा महिनोन्महिने न झोपलेल्या, घाबरलेल्या माणसांकडून येते. तिच्यावरचा उपाय म्हणजे त्या माणसांना विश्रांती, माहिती आणि आधार देणे. म्हणूनच पालकांसाठीची सेवा ही जोडीला दिलेली गोष्ट नसून उपचाराचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणते.

नैराश्य आधी की गांजा आधी, असा एक प्रश्न तुमच्या लिहिण्यात दडलेला आहे. बाहेरून तो सोडवता येत नाही, आणि बऱ्याचदा सोडवण्याची गरजही नसते. रोनाल्ड केसलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या सर्वेक्षणात असे दिसले होते की, आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे विकार १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश विकार २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे व्यसन सुरू होण्याचे वय आणि मनाचा आजार सुरू होण्याचे वय बहुतेक एकच असते, आणि दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. त्यामुळे 'आधी व्यसन सोडा, मग नैराश्याचे पाहू' असे सांगणारी किंवा 'आम्ही व्यसनाचे पाहत नाही' असे सांगून परत पाठवणारी जागा तुमच्या मुलासाठी अपुरी आहे. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेल्या हेडस्पेस या ना-नफा संस्थेने १२ ते २५ वयोगटासाठी मनाचे आरोग्य, शारीरिक आरोग्य, व्यसन आणि शिक्षण-नोकरीची मदत एकाच दारात आणली. तिथल्याइतके सगळे प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही, पण आपल्याला कशाच्या जवळ जाणारे हवे आहे, हे त्यावरून कळते.

आता संस्थेवरचा विश्वास. संस्था नफा कमावत नाही, एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही आणि सेवा मोफत आहे, म्हणून ती दुय्यमही ठरत नाही. अशा संस्थांचे खरे बळ त्यांच्या पाठपुराव्यात, पालकांच्या गटांत आणि स्वतः त्या वाटेने गेलेल्या कार्यकर्त्यांत असते. तुमच्या मुलाला डॉक्टरांआधी अशा एखाद्या तरुण कार्यकर्त्याशी बोलावेसे वाटण्याचा संभव बराच आहे. त्यांचा दुबळेपणाही ठरलेला असतो: अनुदान संपले की समुपदेशक बदलतो, प्रतीक्षायादी लांबते, आणि उत्साही पण अप्रशिक्षित माणसांवर नको ती जबाबदारी येते. म्हणून विचारा की उपचाराची वैद्यकीय जबाबदारी कोणाची आहे आणि तो मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष असतो. संस्था संबंधित यंत्रणेकडे नोंदणीकृत आहे का, हे पाहा. औषधांबद्दल त्यांचे धोरण विचारा. 'आमच्याकडे कोणतीच गोळी चालत नाही' असे अभिमानाने सांगणारी जागा नैराश्य असलेल्या मुलासाठी सुरक्षित नाही. निवासी असेल, तर तुम्ही त्याला कधी भेटू शकता, त्याने जायचे म्हटले तर काय होते, आणि १९ वर्षांच्या मुलाला वयाने बऱ्याच मोठ्या रुग्णांबरोबर ठेवतात का, हे विचारायला संकोच करू नका. बाहेर पडल्यानंतरच्या वर्षभरात कोण, किती वेळा संपर्कात राहणार, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मला संस्थेचे निम्मे कळते.

आणखी दोन गोष्टी पालकांना सहसा सुचत नाहीत. 'आमच्याकडचे नव्वद टक्के बरे होतात' असे कोणी सांगितले, तर किती महिन्यांनंतरचे आणि मध्येच सोडून गेलेले धरून का, हे विचारा; ज्यांनी मोजलेले असते ते शांतपणे उत्तर देतात. दुसरी गोष्ट, देणग्यांसाठी काही ठिकाणी मुलांच्या कहाण्या आणि छायाचित्रे वापरली जातात. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याला नकार द्या, त्याने उत्साहात होकार दिला असला तरी थांबायला सांगा. नुकताच सावरू लागलेला मुलगा व्यासपीठावर उभा राहून 'मी सुटलो' असे सांगतो, आणि पुढे पाय घसरला की लाजेने त्याच संस्थेचे दार त्याला बंद वाटू लागते. पाय घसरणे तर या वाटेवर नेहमीचे आहे, आणि त्या दिवशी त्याने लपवण्याऐवजी फोन करावा, अशी ती जागा असली पाहिजे.

ज्या संस्थेने 'आधी मुलाला घेऊन या' असे सांगितले, तिला लगेच बाद करू नका. फोन घेणाऱ्याला कदाचित एवढेच माहीत असेल. पुन्हा फोन करून असे विचारा: 'मुलगा सध्या येणार नाही, हे धरून आम्हा आईवडिलांसाठी तुमच्याकडे काय आहे?' पालकांचा गट, कुटुंब-समुपदेशन, निदान महिन्यातून काही वेळा भेटणारा एक ठरावीक समुपदेशक, यांपैकी काही असेल तर तिथूनच सुरुवात करा, आणि शक्य झाल्यास पहिल्या भेटीला दोघेही जा, कारण एकाच मुलाशी दोन पालक दोन उलट पद्धतींनी वागत राहिले, तर वर सांगितलेले काहीच टिकत नाही. काहीच नसेल तर दुसरी संस्था पाहा.

राहता राहिली धाकटी. तुमच्या प्रश्नात तिच्यासाठी एकच वाक्य होते, आणि अशा घरांतल्या भावंडांच्या बाबतीत नेहमी असेच होते. ती शहाणी आहे, त्रास देत नाही, म्हणून तिचे बरे चालले आहे असे समजू नका. घरात काय चालले आहे हे तिला ठाऊक असते. ते तिच्यापासून लपवले की ती आपल्या मनाने त्याहून भयंकर अर्थ लावते आणि कित्येकदा दोष स्वतःकडे घेते. दादा आजारी आहे, त्याला मदत मिळावी म्हणून आम्ही प्रयत्न करत आहोत, आणि यात तुझी काही चूक नाही, इतके तिला साध्या शब्दांत सांगा. त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे किंवा त्याच्या बातम्या तुम्हाला देण्याचे काम तिच्याकडे सोपवू नका. आठवड्यातला थोडा वेळ असा ठेवा की त्यात दादाचा विषय निघणार नाही. आणि संस्थेशी बोलताना तिच्यासाठीही काय आहे, हे विचारा, कारण १४ हे वय तिचेही आहे.